काटा ९० वर, इंजिन १०४ वर: जुन्या ऑक्टावियाच्या डॅशवर जादा आकडे बसवण्याचं एक प्रकरण

गाडी २००५ सालची स्कोडा ऑक्टाविया, १.९ लिटरचं टीडीआय डिझेल इंजिन, ९० अश्वशक्ती. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा एमआयडीसीत जुळवलेली आणि आजही त्याच शहरात फिरणारी. मालक माझे मामा. पंधरा वर्षं उलटल्यावर आरटीओत नेऊन त्यांनी तिची पुन्हा नोंदणी करून घेतली. विकायचा विषय काढला की ते चहा मागवतात आणि बोलणं दुसरीकडे नेतात.

तक्रार अशी: उन्हाळ्यात चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढताना, विशेषतः ट्रकांच्या मागे अडकल्यावर, एसी कधी गार, कधी नुसता वारा. मध्येच पुढून पंख्याचा मोठा घुंई आवाज येतो, थोड्या वेळाने थांबतो. माथ्यावर गाडी उभी केली की बॉनेटखालून तापलेल्या रबराचा वास. आणि तापमानाचा काटा? ९० वर. जणू रंगवलाय. एका मिस्त्रीने काट्याकडे बघून निकाल दिला, "सर, इंजिन तापतच नाहीये, एसीचा गॅस कमी असेल." गॅस भरला. फरक शून्य.

मामांनी मग मला सांगितलं, "काटा राहू दे बाजूला. मला आकडा दिसला पाहिजे. गाडी चालवताना, समोर."

यात दोन कामं आहेत. आकडा दाखवणं सोपं. बाजारात बोटाएवढी स्क्रीन दोन-तीनशे रुपयांत मिळते. तो आकडा नेमका कुठून घ्यायचा, हे खरं काम. या प्रकरणातला बहुतेक वेळ त्यातच गेला, आणि लिहिण्यासारखंही त्यातच जास्त आहे.

काटा काय दाखवतो

स्कोडा ज्यात येते त्या फोक्सवॅगन गटाच्या त्या पिढीतल्या गाड्यांचा तापमानाचा काटा सेन्सरला सरळ जोडलेला नसतो. मध्ये इन्स्ट्रुमेंट क्लस्टरचा, म्हणजे स्टिअरिंगसमोरच्या काट्या-मीटरांच्या पेटीचा, प्रोसेसर बसलेला आहे, आणि काटा कुठे उभा करायचा ते तो ठरवतो. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, साधारण ७५ अंशांपासून शंभराच्या थोडं पुढेपर्यंत कुठेही असलं तरी काटा मधोमध ९० वरच. कारण उघड आहे. चढावर, सिग्नलला, एसी लावल्यावर तापमान पाच-दहा अंश खालीवर होणं स्वाभाविक आहे. काटा तसाच नाचला तर प्रत्येक गिऱ्हाईक गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला धावेल. म्हणून मधला सगळा पट्टा एका जागी गोठवून टाकलाय. इंजिन थंड आहे की धोक्याच्या जवळ आहे, एवढंच काटा सांगतो. मधलं काही विचारू नका.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. कूलंटचा सेन्सर दिसायला एक, चार पिनांचा. पण आत दोन स्वतंत्र घटक आहेत. एक क्लस्टरसाठी, दुसरा इंजिनच्या ईसीयूसाठी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकासाठी. म्हणजे काटा आणि ईसीयू एकाच पाण्याबद्दल बोलत असले तरी दोघांचे साक्षीदार वेगळे. एक घटक बिघडला तरी दुसरा ठीक चालू राहू शकतो. काटा व्यवस्थित, पण ईसीयूला इंजिन कायम थंड वाटतंय, असा घोळ या गाड्यांत होऊ शकतो. म्हणून आकडा ईसीयूकडून घ्यायचा असं ठरवलं. डिझेल किती सोडायचं हे ज्या आकड्यावर ठरतं, तोच आपल्याला दिसायला हवा.

ब्लूटूथचा तुकडा इथे का चालत नाही

पहिला सल्ला सगळे हाच देतात: चारशे रुपयांचा ईएलएम३२७ अ‍ॅडॉप्टर घे, स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खोच, मोबाइलवर अ‍ॅप लाव. नव्या गाडीत हे चालतं. भारतात चारचाकींना ओबीडीचा, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून सांगण्याच्या यंत्रणेचा, पहिला टप्पा १ एप्रिल २०१० पासून आणि दुसरा १ एप्रिल २०१३ पासून बंधनकारक झाला. त्याआधीच्या गाडीत सोळा पिनांचं सॉकेट असेलही, पण त्यामागे प्रमाणित ओबीडीची भाषा असेल याची खात्री नाही. सॉकेट बघून फसू नये.

या ऑक्टावियात सॉकेटच्या ७ नंबरच्या पिनवर एकच वायर येते, तिला के-लाइन म्हणतात. ईएलएम३२७ हीच पिन वापरतो, पण त्याला येणाऱ्या भाषा वेगळ्या आणि या ईसीयूची भाषा वेगळी. ती केडब्ल्यूपी१२८१, गटाची स्वतःची, जुनी आणि थोडी हट्टी. आधी कंट्रोलरचा पत्ता सेकंदाला पाच बिट इतक्या संथ गतीने पाठवायचा. इंजिनचा पत्ता ०१. नुसत्या हाक मारण्यातच दोन सेकंद जातात. ईसीयू जागा झाला की ठरलेला एक बाइट पाठवतो, मग दोन ओळखीचे बाइट, आणि त्यानंतर संवाद ९६०० किंवा १०४०० बॉडला (सेकंदाला तितके बिट) सुरू होतो. गंमत पुढे आहे: जवळपास प्रत्येक बाइट मिळाल्यावर ऐकणाऱ्याने त्याचा उलटा बाइट परत पाठवायचा. त्याने २०० म्हटलं की आपण ५५, बेरीज २५५ व्हायला हवी. पोच चुकली किंवा उशिरा गेली की साहेब फोन ठेवतात, पुन्हा दोन सेकंदांची हाक. ईएलएम३२७ ला ही बाइटागणिक पोच देता येत नाही. त्यात अ‍ॅपचा दोष नाही आणि मोबाइलचाही नाही.

एकदा बोलणं सुरू झालं की मात्र ईसीयू भरपूर देतो. त्याच्याकडे आकड्यांचे गट असतात. एक गट मागितला की चार मूल्यं एकदम येतात. या इंजिनात ७ नंबरच्या गटात डिझेल, आत येणारी हवा आणि कूलंट यांची तापमानं. १० मध्ये हवेचं वस्तुमान, वातावरणाचा दाब, इनटेकमधला (इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गातला) दाब आणि पेडल. ११ मध्ये ईसीयूला हवा असलेला बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आणि प्रत्यक्षातला बूस्ट, शेजारी शेजारी. प्रत्येक मूल्य तीन बाइटांत येतं: पहिला सूत्राचा नंबर, मग अ आणि ब. सूत्र ५ म्हणजे तापमान: अ गुणिले (ब वजा १००), भागिले १०. ईसीयूकडून ५, ९, २०० असे बाइट आले की ९ गुणिले १००, भागिले १०: ९०.० अंश. अ कायम ९ असल्यामुळे आकडे ०.९ च्या पायरीने चढतात. ९०.०, ९०.९, ९१.८. आरपीएमचंही तसंच, तिथे पायरी २१ ची. इंजिन आयडलला असताना स्क्रीनवर ८८२, ९०३, ९२४ एवढेच आकडे दिसतात, ९१० कधीच नाही. ज्याला हे ठाऊक नाही तो सेन्सर अडकलाय म्हणून शोधत बसेल.

काय मिळत नाही तेही सांगायला हवं. ऑइल प्रेशर मिळत नाही, कारण या गाडीत ते कुणी मोजतच नाही. तिथे फक्त स्विच आहे: दाब पुरेसा किंवा लाल दिवा. कुठल्याही स्कॅनरने, कितीही महागड्या, नसलेला आकडा वाचता येणार नाही. आणि केडब्ल्यूपी१२८१ ची गती अशी की एखादा गट सेकंदाला दोन-तीनदाच ताजा होतो. तापमानाला तेवढं भरपूर आहे. बूस्टला नाही, गिअर बदलतानाचा क्षणिक झटका यात दिसत नाही. ज्याला तो बघायचाय त्याने इनटेकच्या पाइपला टी लावून वेगळं गेज बसवावं.

ईसीयू बोलेना

ईसीयूशी बोलून स्क्रीनवर आकडा दाखवणारी जुळणी (तिचे भाग पुढे येतील) टेबलावर नीट चालत होती. गाडीत लावली तर ढिम्म. हाक मारतोय, उत्तर नाही. मामांनी तेव्हा कुठे सांगितलं की मागे एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला होता तेव्हाही "ईसीएम बोलत नाही" (ईसीएम म्हणजे ईसीयूच) असंच निघालं होतं, आणि ईसीएम बदलायचा खर्च ऐकून त्यांनी गाडी घरी आणली. जी गाडी एका चावीत सुरू होते, डिझेल नीट पिते, तिचा ईसीयू मेलेला कसा असेल?

मल्टिमीटर लावला. चावी चालू, कुणी बोलत नाही, अशा वेळी के-लाइनवर जवळपास बॅटरीइतके व्होल्ट दिसायला हवेत. बोलणारा ती वायर खाली ओढून बिट पाठवतो. इथे ७ नंबरची पिन आणि ग्राउंडची ४ नंबरची पिन यांच्यामध्ये जेमतेम दीड व्होल्ट. म्हणजे कुणीतरी वायर कायमची खाली धरून ठेवलीय. एकाने फोन उचलून बाजूला ठेवला की बाकी सगळ्यांना एंगेजच लागणार.

तो कुणीतरी म्हणजे म्युझिक सिस्टीम. त्या पिढीतल्या या गाड्यांत कंपनीच्या रेडिओलाही के-लाइन जोडलेली असते, म्हणजे रेडिओचे फॉल्टही त्याच सॉकेटातून वाचता यावेत. पुढे कधीतरी मूळ रेडिओ काढून बाजारातला टचस्क्रीन स्टीरिओ बसवला जातो. जोडणीचं सॉकेट आकाराने जुळतं, पण जिथे गाडीकडून के-लाइन येते तिथे स्टीरिओच्या बाजूला वेगळ्याच कामाची वायर असते. बसवणाऱ्याला गाणी लागली की काम झालं. मामांच्या गाडीत नेमकं हेच. स्टीरिओ बाहेर ओढून मागचं सॉकेट सुटं केलं आणि मीटर बारा व्होल्टच्या वर उडाला. ती एक पिन सॉकेटातून उपसली, टोकावर हीटश्रिंक (तापवली की आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवली, स्टीरिओ पुन्हा जागेवर. गाणी तशीच चालू, आणि पुढच्याच हाकेला ईसीयूने ओ दिली.

हा भाग मी मुद्दाम लांबवला. गटाच्या जुन्या गाडीत स्कॅनर लागत नसेल आणि स्टीरिओ बाहेरचा असेल, तर ईसीयूवर हात टाकण्याआधी स्टीरिओ सोडवून बघा. फुकट आहे.

जुळणी

सुटे भाग सगळे मिळून दोन हजारांच्या आत. आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड), के-लाइनचे बारा व्होल्ट आणि नॅनोचे पाच व्होल्ट यांच्यात दुवा म्हणून एल९६३७डी नावाची चिप, लाइनवर ५१० ओहमचा रेझिस्टर, आणि १.३ इंचाची ओएलईडी स्क्रीन. बारा व्होल्टचे पाच करायला छोटा बक कन्व्हर्टर.

वीज कुठून घेतली यावर मात्र बोलायला हवं. सॉकेटची १६ नंबरची पिन चोवीस तास जिवंत असते. तिथून घेणं सगळ्यात सोपं, आणि गाडी दोन आठवडे उभी राहिली की बॅटरी बसवण्याचाही तो सोपा मार्ग. आम्ही फ्यूज बॉक्समधून चावीसोबत चालू-बंद होणारी लाइन घेतली, तिच्यावर एक अँपिअरचा वेगळा फ्यूज, आणि कन्व्हर्टरच्या आधी व्होल्टेजची उसळी अडवणारा टीव्हीएस डायोड. गाडीची वीज घरातल्या अ‍ॅडॉप्टरसारखी शांत नसते. अल्टरनेटर चालू असताना बॅटरीचं टर्मिनल क्षणभर सैल झालं तरी व्होल्टेजची उसळी स्वस्त कन्व्हर्टरला पुरून उरते.

स्क्रीन कुठे बसवायची यावर मामांशी थोडी बाचाबाची झाली. त्यांना क्लस्टरमध्येच हवी होती. त्या काळच्या काही ऑडी आणि पसाटमध्ये दोन डायलांच्या मध्ये अक्षरं दाखवणारा लाल पडदा असतो, आणि रेडिओ ज्या तीन वायरींवरून त्यात आठ-आठ अक्षरांच्या दोन ओळी लिहितो, त्याच वायरींवरून आपणही आपले आकडे लिहू शकतो. ज्यांच्याकडे तो पडदा आहे त्यांनी तेच करावं. त्याहून देखणं काही नाही. या गाडीच्या क्लस्टरमध्ये तो नाही, ठरलेल्या खाचांचे आकडे उजळणारी पट्टी आहे, तिच्यावर नवं काही लिहिता येत नाही. क्लस्टर उघडून आत स्क्रीन चिकटवणं शक्य होतं. पण इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा, त्याच क्लस्टरमध्ये आहे. वीस वर्षांच्या प्लास्टिकच्या खुट्ट्या आणि रिबन केबल यांच्याशी खेळताना काही तुटलं तर गाडी सुरूच व्हायची नाही. मी नाही म्हणालो. डॅशवर एक वापरात नसलेल्या बटणाचं रिकामं झाकण होतं, ते कापून त्यात स्क्रीन बसवली. मूळ झाकण जपून ठेवायची गरज नाही, भंगार बाजारात तसली ढिगाने मिळतात.

स्क्रीनवर काय दाखवायचं हे ठरवताना बहुतेक लोक हावरटपणा करतात. बारा आकडे, चार आलेख, खाली फिरतं चित्र. चालवताना नजर रस्त्यावरून अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त हलता कामा नये. म्हणून एकच मोठा आकडा, कूलंटचा. खाली बारीक अक्षरांत बॅटरीचं व्होल्टेज. बटण दाबलं की दुसरं पान: बूस्ट हवा किती, आहे किती. कूलंट १०८ च्या वर गेलं की बझर, म्हणजे बघायचीही गरज नाही. डॅशच्या दिव्यांची लाइन नॅनोला दिली, दिवे लावले की स्क्रीन मंद होते. ते केलं नसतं तर रात्री काचेत तिचं प्रतिबिंब नाचलं असतं. दुपारच्या उन्हात ओएलईडी फिकी पडते, यावर आडोशाखेरीज उपाय नाही. वर छोटी झापड लावली.

आणखी एक छोटा स्विच, जो कुणी लावत नाही. आपली जुळणी ईसीयूशी बोलत असताना मिस्त्रीचा स्कॅनर त्याच लाइनवर घुसू शकत नाही. म्हणून के-लाइन तोडणारा स्विच स्टिअरिंगखाली बसवला आणि त्यावर मराठीत चिठ्ठी: "स्कॅनर लावण्याआधी बंद करा". नाहीतर "ईसीएम बोलत नाही" चा दुसरा अंक ठरलेलाच.

चावी चालू, इंजिन बंद ठेवून एक पडताळणी केली, ती प्रत्येकाने करावी. इंजिन थांबलेलं असताना इनटेकमधला दाब आणि वातावरणाचा दाब सारखाच दिसला पाहिजे. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथे हा आकडा साधारण ९५० मिलिबार येतो. मुंबईत हजाराच्या पुढे. बूस्टचे आकडे या मूळ हवेच्या दाबासकट असतात, त्यामुळे "इंजिन बंद असून टर्बो ९५० कसा दाखवतो" हा मामांचा प्रश्न रास्तच होता. दोन्ही आकडे जुळले, सेन्सरवर विश्वास ठेवता आला. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी कूलंट, हवा आणि डिझेल तिन्ही तापमानं एकमेकांच्या दोन-तीन अंशांत आहेत हेही बघून घेतलं.

घाटातले आकडे

सपाट रस्त्यावर, एसी लावून, आकडा ८८ ते ९२ च्या आत. थर्मोस्टॅट नीट काम करतोय. घाटात ट्रकमागे दुसऱ्या गिअरवर आल्यावर आकडा चढायला लागला: ९३.६, ९६.३, ९९.९, १०२.६. १०४.४ ला पुढून तो ओळखीचा घुंई आवाज. पंखा पूर्ण वेगात. आकडा धपाधप उतरत ९५.४ वर आला, आवाज बंद झाला आणि चढण पुन्हा सुरू. करवतीच्या दातांसारखा आलेख. या सगळ्या काळात काटा कुठे होता? ९० वर. मामांनी त्याच्याकडे बोट दाखवून एक शब्द उच्चारला, तो इथे लिहिता येणार नाही.

१०४ म्हणजे इंजिन गेलं असं नाही. झाकणबंद, दाबाखालचं कूलंट त्या तापमानाला उकळत नाही. पण हा आकार बोलका होता. या गाडीत रेडिएटरच्या पंख्यांना दोन वेग आहेत आणि ते रेडिएटरवरच्या दोन टप्प्यांच्या थर्मोस्विचवर चालतात. पहिला टप्पा ९२ ते ९७ अंशांच्या दरम्यान लागतो आणि हळू वेग सुरू करतो. दुसरा ९९ ते १०५ च्या दरम्यान, पूर्ण वेग. शिवाय एसी लावला की हळू वेग लगेच सुरू व्हायला हवा, कारण कंडेन्सरला, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या पुढच्या जाळीला, हवा लागते. आपल्या आलेखात पहिल्या टप्प्याचा मागमूस नव्हता. ९३ ते १०४ पर्यंत आकड्याला कुणी अडवतच नव्हतं, मग दुसरा टप्पा येऊन एकदम ओढून खाली आणत होता. एसीच्या कधी गार, कधी वारा या तक्रारीचंही कोडं तिथेच सुटलं. पंखा फिरे तेव्हा गार, थांबला की कोमट.

खाली आल्यावर मिस्त्रीकडे गाडी आयडलला ठेवली, एसी लावला, बॉनेट उघडून पंखा बघितला. स्तब्ध. पंख्याच्या हळू वेगासाठी मोटरलगत एक रेझिस्टर असतो. इंजिनची उष्णता आणि धूळ खात वीस वर्षं काढल्यावर तो जळाला तर नवल नाही. मिस्त्रीने मोटरला थेट बारा व्होल्ट देऊन बघितले, पूर्ण वेग झकास. हळू वेगाच्या पिनवर दिले, काहीच नाही. रेझिस्टर वेगळा मिळवण्यात वेळ न घालवता त्याने दुसरा पंखा बसवला.

मग कुणी म्हणेल, एसी लावून बॉनेट उघडणं हे एका मिनिटाचं काम, त्याला कुठलीही स्क्रीन लागत नाही. अगदी खरं. मिस्त्रीला हे येत नव्हतं असंही नाही. पण काटा ९० वर बघितला की इंजिनाच्या थंडाव्याचा विषय तिथेच मिटतो, आणि सगळे एसीच्या गॅसकडे वळतात. पंख्याकडे बघायचं कारण त्या एका करवतीच्या आलेखाने दिलं.

पंखा बदलल्यानंतर त्याच घाटात, एसी चालू, आकडा ९७.२ च्या वर गेला नाही. घुंई आवाज आला नाही. रबराचा वास मात्र थोडा अजून येतो; वरचा कूलंट होज फुगलेला दिसतोय, तो पुढच्या सर्व्हिसला.

राहिलेलं काम ऑइल प्रेशरचं. त्यासाठी ऑइल फिल्टरच्या हाउसिंगवर मूळ स्विचसोबत वेगळा सेंडर (दाबाचा आकडा पाठवणारा सेन्सर) बसवायला लागेल, नॅनोवर त्याच्यासाठी एक पिन मोकळी ठेवली आहे. मामांना तो याच महिन्यात हवाय. माझं म्हणणं, आधी स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावून गरम इंजिनाचा दाब एकदा मोजून घेऊ. तो मजबूत निघाला तर सेंडर कशाला, आणि कमजोर निघाला तर पैसे सेंडरवर न घालता पंपावर आणि बेअरिंगवर घालावे लागतील.